अल्पवयीन चालक, मद्य आणि बचावाचा हक्क

१९ मे २०२४ रोजी पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका भरधाव पोर्शे गाडीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. गाडी चालवणारा मुलगा अठरा वर्षांच्या आतला होता आणि तो दारू प्यालेला होता, असा आरोप आहे. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने त्याला जामीन दिला. जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध होता! महाराष्ट्र संतापला. संताप रास्तच होता. पण त्यातून 'असल्या पोरांना कायद्याचे संरक्षणच नको' अशी जी मागणी निघाली, ती आपण तपासून पाहिली पाहिजे. कारण हे संरक्षण काढले तर त्याची पहिली झळ बंगल्याला नव्हे, वस्तीला लागेल.

कायदा काय सांगतो? बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला चोवीस तासांच्या आत मंडळापुढे उभे करावे लागते. कलम १२ प्रमाणे जामीन हा नियम आहे. मुलगा गुन्हेगारांच्या संगतीत सापडेल, त्याला धोका पोहोचेल किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल, एवढ्याच कारणांनी तो नाकारता येतो. म्हणजे कल्याणीनगरातील मुलाला जामीन मिळाला यात आश्चर्य नाही. टेम्पोवर क्लीनर म्हणून राबणाऱ्या, मालकाच्या सांगण्यावरून स्टिअरिंगवर बसलेल्या आपल्या मुलाला तो तितक्याच तातडीने मिळतो काय, हा खरा प्रश्न आहे.

बचावाची पहिली पायरी वय. ते शाळेच्या वा मॅट्रिकच्या दाखल्यावरून ठरते; तो नसेल तर नगरपालिकेच्या वा पंचायतीच्या जन्मनोंदीवरून, आणि तेही नसेल तरच वैद्यकीय चाचणीवरून. आपल्याकडे कितीतरी मुलांची जन्मतारीख गुरुजींनी १ जून लिहिलेली असते. ज्याच्या घरात कागद नाही, त्याचे बालपणही पोलीस ठाण्यात सिद्ध होत नाही. मात्र वयाचा मुद्दा खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर मांडता येतो, हे कार्यकर्त्यांनी पक्के लक्षात ठेवावे.

दुसरी पायरी चाचणी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला तर गुन्हा होतो. नमुना किती तासांनी घेतला, सीलबंद होता काय, तो त्याच मुलाचा होता काय, हे वकिलाने विचारलेच पाहिजे. असे विचारणे हा बचाव आहे. नमुनाच बदलणे हा मात्र गुन्हा आहे. पुण्याच्या प्रकरणात याच आरोपावरून शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. हक्क आणि खरेदी यांतला फरक तो हाच.

तिसरा प्रश्न, मुलाला प्रौढ समजून खटला चालवण्याचा. सोळा ते अठरा वयाच्या मुलाबाबत तसे करता येते, पण गुन्हा 'निर्घृण' असेल तरच. म्हणजे ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे असाच. दिल्लीत २०१६ साली अल्पवयीन मुलाच्या मर्सिडीजखाली एकाचा मृत्यू झाला, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हे स्पष्ट केले. सदोष मनुष्यवधाला किमान सात वर्षांची शिक्षा सांगितलेली नाही. जुलै २०२५ मध्ये पुण्याच्या मंडळानेही पोलिसांची तशी मागणी फेटाळली.

मग जबाबदारी कुणाची? २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९-अ पालकाला किंवा वाहनमालकाला जबाबदार धरते: तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. टेम्पोच्या मालकाकडे बोट दाखवण्याचे हे हत्यार आपल्या हाती आहे. व्यवहारात मालक मोकळा सुटतो आणि मुलाचा बाप ठाण्याच्या पायऱ्या झिजवतो, असे होऊ देऊ नये.

अनुसूचित जाती-जमातींना, स्त्रियांना आणि मुलांना विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या ठिकाणी विधी सेवा समिती असते. शिक्षकांनी हे वर्गात सांगावे. कार्यकर्त्यांनी मूल पकडले गेल्याच्या पहिल्याच दिवशी तिथे अर्ज करावा.

शेवटी एक गोष्ट विसरता कामा नये. फुटपाथवर झोपलेली, रात्रपाळीहून सायकलने परतणारी माणसेही आपलीच आहेत. आपण चाकाखालीही आहोत आणि चाकावरही. म्हणून आपली मागणी कायदा मोडण्याची असू शकत नाही. ती प्रामाणिक तपासाची आहे, आणि जो वकील एका मुलासाठी त्याच दिवशी उभा राहतो, तो दुसऱ्यासाठीही उभा राहावा, एवढीच आहे.