चोपन्न होल

सकाळी ७:५०
भोसरी एमआयडीसीतला वीस बाय चाळीसचा गाळा. शटर अर्धं वर. आज बुधवार. या पट्ट्यातले कारखाने गुरुवारी बंद, म्हणून बुधवारी प्रत्येकाला आपला माल आजच हवा असतो. मामा दिघीहून सायकलवर येतात. वय अठ्ठावन्न. पगार २६ हजार, म्हणजे सव्वीस दिवसांच्या हिशेबानं रोजचे हजार. हेल्पर पोरगा लातूरकडचा, आयटीआय झालेला, १४ हजारांवर. खोलीत चौघं राहतात. भाड्याचे अठराशे प्रत्येकी, डब्याचे वेगळे.

मशीन एचएमटीचं जुनं व्हर्टिकल मिलिंग. पिंजोरची पाटी अजून जागेवर आहे. रंग तीनदा मारलेला, स्लाइडचं माप आकड्यांत दाखवणारा डीआरओ मागाहून बसवलेला.

८:१५
बारा इंची रोटरी टेबल. शंभर किलोच्या आसपास वजन. चेन पुलीनं उचलून मिलिंगच्या बेडवर घ्यायचं. त्याआधी मामा बेड पुसतात, मग तळहात फिरवतात. एक बारीक बर हाताला लागते. ऑइल स्टोन दोनदा फिरतो. पुन्हा तळहात. मग म्हणतात, "सोड."

टी-बोल्ट हातानं फिरवून टेकवतात, अजून आवळत नाहीत.

८:४०
कामाची ओळख अशी: ईएन-८चे नऊ फ्लँज. तीन मापांचे, प्रत्येकी तीन. बोअर ६०, ७० आणि ८०. प्रत्येकात १२ मिलिमीटरचे सहा रीम केलेले होल. होल ज्या वर्तुळावर येणार त्याचा मध्य आणि बोअरचा मध्य एकच हवा. लॉट मोठा असता तर व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, गेला असता. नऊ नगांसाठी तिथलं सेटिंग परवडत नाही. मापं तीन असल्यामुळे बोअरमध्ये बसणारा स्पिगॉट करून घेणंही परवडत नाही. म्हणून मामा, आणि म्हणून डायल.

आधी रोटरीचं स्वतःचं सेंटर. लिव्हर डायल स्पिंडलच्या कोलेटमध्ये धरलेला, टोक टेबलाच्या मधल्या बोअरला टेकवलेलं. स्पिंडल न्यूट्रलला टाकून हातानं फिरवायचा. काटा डावीकडे आणि उजवीकडे किती दाखवतो ते बघायचं, फरकाच्या निम्मं एक्सचं हँडल फिरवायचं. मग तेच पुढे-मागे, वायला. दोन्हीकडे काटा हलेनासा झाला की डीआरओवर शून्य. मामा तेवढ्यावर थांबत नाहीत. हँडलच्या रिंगवरचे आकडेही खडूनं हेडवर लिहून ठेवतात. टी-बोल्ट आवळतात आणि पुन्हा एकदा काटा बघतात.

९:१०
पहिला फ्लँज, ८० बोअरचा. खाली तीन सारख्या उंचीच्या पॅरलल, म्हणजे ड्रिल आरपार गेलं तरी टेबल कापायचं नाही. वर चार क्लँप, फेसिंग केलेल्या भागावर कागदाच्या पट्ट्या. टेबलावर कोरलेल्या गोल रेघांवरून जॉब नजरेनं मध्यात येतो.

आता स्पिंडल स्थिर आणि टेबल फिरतं. मामा टेबल फिरवणारा वर्म सोडवतात, टेबल हातानं मोकळं फिरायला लागतं. डायल बोअरच्या भिंतीला. एका जागी काटा २६वर, बरोबर समोर ६वर. फरक वीस घरांचा, एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग.

"किती मारशील?" मामा विचारतात.

"वीस."

"दहा. टेबल फिरतं तेव्हा चूक दोनदा दिसते. एकदा इकडे, एकदा तिकडे."

काटा सर्वांत वर असलेली जागा डायलसमोर आणायची आणि पलीकडच्या बाजूनं पितळी हातोडीनं टोकायचं. मामांचा हात मनगटापासूनच हलतो. पहिल्या टोल्याला काटा तसाच. दुसऱ्याला तीन घरं खाली. तिसऱ्याला एकदम आठ. जास्त झालं. टेबल अर्धं फिरवून समोरून हलकासा टोला. पुन्हा पूर्ण फेरा. आता काटा सगळीकडे दोन घरांत.

मग क्लँप आवळायचे, आणि जॉब सरकतो तो इथेच. एक क्लँप पूर्ण आवळला की फ्लँज त्याच्याकडे ओढला जातो. म्हणून थोडा हा, थोडा समोरचा, मग उरलेले दोन. प्रत्येक वेळी नजर काट्यावर. पोरगा शेवटचा नट जोरात ओढतो, काटा चार घरं पळतो. मामा पाना त्याच्या हातातून घेतात, तो नट सैल करतात आणि पाना परत त्याच्याच हातात देतात.

ड्रॉइंगवर पाच घरांची सूट आहे. मामा दोनवर आणूनच हात काढतात. नऊ मिनिटं गेली. अजून एकही होल पडलेलं नाही.

९:३०
वर्म पुन्हा गुंतवला. डीआरओवर एक्स ७०, म्हणजे १४० पीसीडीच्या, होलांच्या वर्तुळाच्या व्यासाच्या, निम्मं. दोन्ही स्लाइड लॉक. रोटरीचं गुणोत्तर नव्वदास एक, हँडलचा एक फेरा म्हणजे चार अंश. सहा होल, साठ-साठ अंश, पंधरा-पंधरा फेरे. आधी सेंटर ड्रिल सगळीकडे, मग ११.७चं ड्रिल साडेसहाशे आरपीएमवर, मग रीमर दोनशेवर. तीन चकरा, म्हणजे एका फ्लँजला हँडलचे २७० फेरे. पोरगा मोजतो, ओठ हलवत.

एकदा हँडल थोडं पुढे जातं. तो तेवढंच मागे घेतो. मामा मान हलवतात. मागे घेतलं की दात्यांमधली ढिलाई आकड्यात शिरते. आधी अर्धा फेरा मागे जायचं, मग पुढून येऊन थांबायचं. नेहमी एकाच दिशेनं. मग टेबल लॉक, मग ड्रिल.

१०:१५
चहा, कटिंग दहा रुपये. मामांचा चहा मशीनवरच. रीमर उलटा फिरवून बाहेर काढू नकोस, हे ते चहा पिता पिता सांगतात. रीमर मालकाचा आहे, धार गेली की नवा यायला दोन दिवस जातात.

पहिल्या फ्लँजची तपासणी सुंदर आहे. शेजारच्या दोन होलांत १२च्या डॉवेल पिना घालायच्या आणि बाहेरून माप घ्यायचं. सहा होल असले की शेजारच्या दोन मध्यांतलं अंतर त्रिज्येइतकंच येतं. सत्तर अधिक बारा, ब्याऐंशी. मायक्रोमीटर ८२.०१ दाखवतो. मामा सहाही जोड्या मोजतात. शेवटची जोडी महत्त्वाची, सगळ्या चुका गोळा होऊन तिथे येतात. ८२.०१.

११:४०
लाइट गेली. पंखे, मशीन, डीआरओ, सगळं बंद. शेजारच्या गाळ्यातला प्रेस थांबला आणि पहिल्यांदाच रस्त्यावरचा टेम्पो ऐकू आला. मालकांकडे जनरेटर नाही.

बारा वाजून पाच मिनिटांनी लाइट येते. डीआरओ आधीचेच आकडे दाखवतो. मामा खडूचे आकडे बघतात, तेही जुळतात. तरी एक्स शून्यावर आणतात आणि डायल लावून फ्लँजच्याच बोअरमध्ये फिरवतात. टेबलाचं मधलं होल आता जॉबखाली झाकलेलं आहे, पण सेंटरला घेतलेला जॉबच आता सेंटर सांगतो. काटा दोन घरांत. पाच मिनिटं गेली. मला ही पाच मिनिटं कारागिरीचा कणा वाटतात. पुढचं ड्रिल त्यांच्याच भरवशावर खाली येतं.

१:००
डबा. ज्वारीची भाकरी, मेथी, खर्डा. पोरगा बाहेरून वडापाव आणतो, दोन, चाळीस रुपयांचे. मामा अर्धी भाकरी त्याच्याकडे सरकवतात. दोघंही त्यावर बोलत नाहीत.

४:१५
नववा फ्लँज उतरला. शेवटच्या तिघांचं सेंटरिंग पोरानं केलं. चौदा मिनिटांवरून अकरावर आला. मामा फक्त क्लँप आवळताना जवळ उभे होते.

४:४०
पाळी साडेचारला संपली. आता ओव्हरटाइम, तासाला सव्वाशे, सिंगलच. दुसऱ्या शॉपमधून टर्निंग होऊन आलेली एक रिंग आहे. आतला व्यास २१०, भिंत आठ मिलिमीटर. तिलाही होल पाडायचे आहेत.

डायल लागतो. टेबल फिरतं. काटा वर जातो, खाली येतो, पुन्हा वर, पुन्हा खाली. मामा टोला मारत नाहीत. पहिल्यापासून फिरवतात. एका फेऱ्यात काटा तीनदा चढतो, नऊ-नऊ घरं.

"एकदा चढला तर जॉब बाजूला आहे," ते पोराला सांगतात. "दोनदा चढला तर लंबगोल. तीनदा चढला तर लेथवाल्यानं तीन जॉच्या चकात आवळून बोअर केलाय. चकात होती तोवर गोल होती. सोडल्यावर उसळली."

हातोडीनं हे जाणार नाही, पण मामा क्लँप सैल करून एकदा खात्री करतात, आपल्या आवळण्यानं तर रिंग वाकली नाही ना. काटा तसाच तीनदा. तासभर यात गेला.

६:१०
मालक, म्हणजे शेठ, येतात. मामा सांगतात, शेठ डायल स्वतः फिरवून बघतात. लेथवाल्याला फोन होतो, आवाज चढतो, उतरतो. रिंग परत जाणार. सॉफ्ट जॉमध्ये धरून हलका कट घ्यायला हवा, हे मामा शेठना दोनदा सांगतात, म्हणजे फोनवर एकदा तरी सांगितलं जाईल.

६:४०
चलन. फ्लँज नऊ नग, १२चे होल चोपन्न, होलाला तीस रुपये, एकूण १,६२०. सेंटरिंगचा रकाना चलनात नसतो. रिंगच्या चलनावर शेठ लिहितात, "काम न करता परत".

मामा मार्कर घेतात. रिंगच्या वरच्या फेसवर, जिथे काटा चढला होता त्या तीन जागी रेघा मारतात. प्रत्येक रेघेशेजारी आकडा: ९, ९, ८. लेथवाला वाद घालेल तेव्हा त्याला डायल कुठे लावायचा ते कळायला हवं.

७:१५
टेम्पो भरला. फ्लँजांमध्ये पुठ्ठे, रिंग वर, आडवी. पोरगा रोटरीवरचा चुरा ब्रशनं काढतो, पुसून तेलाचा हात फिरवतो. मामांनी ओव्हरटाइमच्या वहीत अडीच तास लिहिले आणि सही केली.