कान्हेरेंच्या हातातलं पिस्तूल इंग्लंडचं नव्हे, बेल्जियमचं. त्याच पिस्तुलाचा माग लंडनपर्यंत कसा पोचला?

गुहागर : १९ एप्रिल आणि २१ डिसेंबर या तारखा जवळ आल्या की हुतात्मा अनंत कान्हेरे यांच्यावरचे मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरू लागतात. कान्हेरे आपल्याच जिल्ह्याचे, खेड तालुक्यातल्या आयनी गावचे. मेसेजमध्ये पिस्तुलाचा उल्लेख मात्र एका ओळीत उरकतो, 'विलायतेहून आलेलं पिस्तूल'. ते लंडनमधून आलं हे खरं, पण ते इंग्रजांनी बनवलेलं नव्हतं. ते कुणाचं होतं आणि त्याच्यामुळे पुढे काय काय घडलं, हे समजून घेण्यासारखं आहे.

नेमकं काय घडलं?

२१ डिसेंबर १९०९. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांची मुंबईला बदली झाली होती. त्यांच्या निरोपासाठी विजयानंद थिएटरात 'संगीत शारदा' नाटकाचा प्रयोग ठेवला होता. नाटकाला आलेल्या जॅक्सनवर कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. कान्हेरे तेव्हा औरंगाबादला शिकणारे, जेमतेम अठरा वर्षांचे. त्यांचा नेम चुकला तर म्हणून कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे तयारीत होते. १९ एप्रिल १९१० रोजी तिघांनाही ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

त्याआधी जून १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल जन्मठेप झाली होती. त्यांचा खटला जॅक्सनकडून पुढे गेला होता, त्याचा राग तरुणांच्या मनात होता.

पिस्तूल कोणत्या कारखान्याचं?

या पिस्तुलाचं नाव ब्राऊनिंग. जॉन ब्राऊनिंग हा अमेरिकेतला बंदूक कारागीर. त्याने आपल्या पिस्तुलांचे हक्क वाटून दिले होते. अमेरिकेत ती कोल्ट कंपनी बनवायची, तर युरोपात बेल्जियमचा 'फाब्रिक नासिओनाल' म्हणजे एफएन हा कारखाना. लिएज शहराजवळच्या हर्स्ताल गावात हा कारखाना १८८९ मध्ये सुरू झाला, तो बेल्जियमच्या सैन्याला दीड लाख माऊझर रायफली पुरवायच्या म्हणून. पुढे ब्राऊनिंग पिस्तुलांनी त्याचं नाव जगभर गेलं. फ्रान्समध्ये तर कुठल्याही पिस्तुलाला लोक 'ब्राऊनिंग' म्हणू लागले, जसं आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो.

लोक त्याला चांगलं का म्हणायचे?

आपल्याकडे शेतात ठासणीची बंदूक वापरलेल्यांना हे लगेच कळेल. ठासणीत एक बार उडाला की परत दारू भरा, छर्रे टाका, गजाने ठासा, टोपी लावा. तोवर डुक्कर रान सोडून गेलेलं असतं. ब्राऊनिंगमध्ये गोळी सुटताना जो उलटा धक्का बसतो, त्याच जोरावर वरचा भाग मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि पुढची गोळी नळीत बसवतो. घोडा दाबला की पुढची गोळी तयार.

एफएनचं १९०० सालचं मॉडेल सात गोळ्यांचं आणि सुमारे ६२५ ग्रॅम वजनाचं होतं. त्या वेळी इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला असायचं ते वेब्ली रिव्हॉल्व्हर जवळजवळ किलोभराचं. वेब्लीची गोळी जाड आणि माराला जबर, ब्राऊनिंगची बारीक. म्हणून लष्करातल्या लोकांना वेब्ली पसंत. पण ब्राऊनिंग चपटं, कोटाच्या खिशात मावणारं, आणि म्हणूनच जगभरच्या कटवाल्यांच्या हाती ते गेलं. नाशिकच्या घटनेआधी दोनच महिने, २६ ऑक्टोबर १९०९ ला, कोरियाच्या आन जुंग-गून याने जपानचे नेते इतो यांना हार्बिन स्टेशनवर मारलं, ते एफएनच्याच पिस्तुलाने. १९१४ मध्ये सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला आणि पहिलं महायुद्ध पेटलं, तिथेही पिस्तूल याच कारखान्याचं.

नाशिकला ते आलं कसं?

१८७८ च्या हत्यार कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी होती. युरोपियन लोकांना त्यातून सूट होती. त्यामुळे इथल्या तरुणांना असं पिस्तूल उघडपणे मिळणं अवघडच. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात याची हकीकत आहे. विनायक सावरकरांनी पॅरिसहून २० ब्राऊनिंग पिस्तुलं आणि काडतुसं मिळवली. लंडनच्या इंडिया हाऊसमधला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याच्या पेटीला खोटा तळ होता. त्यात लपवून १९०९ च्या सुरुवातीला ती मुंबईला आली.

पिस्तुलानेच माग दिला

हत्यार जितकं दुर्मिळ तितका त्याचा माग सोपा. एकाच बनावटीची २० पिस्तुलं एकाच पेटीतून आलेली. एक सापडलं की बाकीची कुठे आणि आणली कुणी, हे प्रश्न येणारच. अमीन माफीचा साक्षीदार झाला. नाशिक कटाच्या खटल्यात ३८ जणांवर आरोप ठेवले, २७ जणांना शिक्षा झाली.

सावरकरांना १३ मार्च १९१० रोजी लंडनमध्ये अटक झाली. बोटीने आणताना ८ जुलैला त्यांनी मार्सेलिसला समुद्रात उडी घेतली, पण ते पुन्हा पकडले गेले. त्यांना दोन जन्मठेपा झाल्या. त्यातली दुसरी, ३० जानेवारी १९११ ची, जॅक्सनच्या खुनाला मदत केल्याबद्दल. तिचा आधार हीच पिस्तुलं होती. अंदमाननंतर १९२४ ते १९३७ सावरकर स्थानबद्ध राहिले ते रत्नागिरीत. आयनीच्या मुलाने चालवलेल्या पिस्तुलाचा माग असा फिरून आपल्याच जिल्ह्यात आला.

या घटनेबद्दल दोन मतं तेव्हापासून आहेत. जॅक्सन संस्कृतचे अभ्यासक होते, लोक त्यांना 'पंडित जॅक्सन' म्हणायचे, त्यामुळे काहींना त्यांच्या मरणाची हळहळ वाटली. दुसरीकडे परक्या सत्तेचा अधिकारी म्हणून त्यांना मारणारे कान्हेरे हुतात्मा ठरले. नाशिकचं मैदान आज त्यांच्याच नावाने आहे.

आज नियम काय?

त्या जुन्या मॉडेलचं ७.६५ मिलिमीटरचं काडतूस म्हणजेच आजचं .३२ बोअर. सरकारी कारखान्याचं जे .३२ पिस्तूल परवान्यावर मिळतं, त्यात तेच काडतूस चालतं. पण पिकाच्या राखणीसाठी पिस्तूल मिळत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शेतीसाठी गुळगुळीत नळीची लांब बंदूकच आहे. त्यातही आधी ठासणीची. ती पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. विनापरवाना पिस्तूल सापडलं तर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद होऊ शकते.

तेव्हा मोबाईलवर कुणी 'फॉरेनचं पिस्तूल, स्वस्तात' असं दाखवलं तर भुलू नका. पिकाला त्याचा उपयोग नाही, आणि ते आलं कुठून याचा माग पोलीस आजही काढतातच.