पुणे-सिंधुदुर्ग २९० किलोमीटर, मग विमानाला तासभर का? तिकिटावरच्या वेळेचं गणित समजून घ्या

गणपतीला गावी जायचं म्हणून मोबाइलवर पुणे-सिंधुदुर्ग विमान शोधलं की दोन उत्तरं मिळतात. अंतर मोजणाऱ्या साइट्स अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास दाखवतात, तिकिटावर मात्र तासाभराच्या आसपासची वेळ असते. यात खोटं कुणीच सांगत नाही. दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, इतकंच.

लोहगाव ते चिपी हे सरळ रेषेतलं अंतर सुमारे २९० किमी. या मार्गावर 'फ्लाय ९१'ने २०२४ मध्ये एटीआर ७२-६०० विमानांची सेवा सुरू केली. पंख्याच्या या विमानाचा वेग ताशी ५०० किमीच्या आसपास. साधा भागाकार केला तर ३५ मिनिटं येतात.

पण इतक्या छोट्या मार्गावर विमान पूर्ण वेगात फार थोडा वेळ असतं. वर चढेपर्यंत उतरायची तयारी सुरू होते. त्यात लोहगावची धावपट्टी पूर्व-पश्चिम आणि सिंधुदुर्ग दक्षिणेला. उड्डाण कुठल्याही दिशेनं झालं तरी वळण आलंच. शिवाय लोहगाव हा हवाई दलाचा तळ, त्यामुळे प्रवासी विमानाला लष्करी विमानांसोबत धावपट्टी वाटून घ्यावी लागते.

तिकिटावरची वेळ म्हणजे नेमकं काय?

त्याला 'ब्लॉक टाइम' म्हणतात. विमान पार्किंगमधून हललं की घड्याळ सुरू, दुसऱ्या विमानतळावर पार्किंगमध्ये थांबलं की बंद. जमिनीवर रांगत जाणं, परवानगीची वाट पाहणं, सगळं यात धरलेलं असतं. कंपन्या वर थोडी मोकळीकही ठेवतात. वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत सुटलेलं किंवा पोहोचलेलं विमान वक्तशीर धरलं जातं, त्यामुळे ही मोकळीक त्यांच्या सोयीचीच.

प्रवाशाला याचा काय उपयोग?

इथे ही मिनिटं थेट पैशांशी जोडलेली आहेत. पुरेशी पूर्वसूचना न देता विमान रद्द झालं, तर डीजीसीएच्या नियमांनुसार भरपाई ब्लॉक टाइमवर ठरते, किलोमीटरवर नाही. एक तासापर्यंतच्या प्रवासाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांसाठी ७,५०० आणि त्यापुढे १०,०००. मात्र मूळ भाडं आणि इंधन शुल्काची बेरीज यापेक्षा कमी असेल, तर तेवढीच रक्कम मिळते. म्हणजे तिकिटावर ६० मिनिटं आहेत की ६५, यावर भरपाईची कमाल मर्यादा बदलते.

अडीच तासांपर्यंतच्या प्रवासात विमान दोन तासांहून जास्त रखडणार असेल, तर वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशांना खाणं-पिणं द्यावं लागतं.

एक अडचण आहे. खराब हवामानामुळे विमान रद्द झालं तर भरपाई लागू होत नाही. भर पावसाळ्यात चिपीच्या पठारावर ढग उतरले, की प्रवाशापुढे पर्याय उरतात दोनच: दुसरं विमान किंवा तिकिटाचे पैसे परत. नाहीतर घाटातून रात्रीची एसटी आहेच.