दुधाच्या दाताभोवतीचे रक्त : घरची काळजी आणि दवाखान्याची वेळ

दुधाचे दात पुढे पडणारच असल्यामुळे त्यांच्याभोवती दिसणाऱ्या रक्ताची फारशी चिंता करू नये, ही समजूत अनेक घरांत दृढ आहे. परंतु दुधाच्या दाताच्या मुळाजवळ, जबड्याच्या हाडात, कायमच्या दाताचा अंकुर घडत असतो आणि त्यामुळे आजची इजा किंवा जंतुसंसर्ग काही वर्षांनी येणाऱ्या दातावर डाग वा खड्ड्याच्या रूपाने उमटू शकतो. साधारण सहाव्या महिन्यापासून येऊ लागणारे हे २० दात तिसऱ्या वर्षापर्यंत पूर्ण होतात आणि ६ ते १२ वर्षे या काळात क्रमाने पडतात. या वयात हलणाऱ्या दाताभोवती थोडे रक्त येणे स्वाभाविक असते.

दात हलत नसताना, मार लागलेला नसताना घासतेवेळी रक्त येत असेल, तर त्याचे सर्वांत सामान्य कारण हिरडीदाह, म्हणजे दातांच्या कडेने साचलेल्या जिवाणूंच्या चिकट थरामुळे हिरडीला आलेली सूज, हे असते. रक्त येते म्हणून ब्रश बंद केल्यास हा थर वाढतो आणि रक्तस्रावही वाढतो. म्हणून मऊ ब्रशने, तीन वर्षांखालील मुलासाठी तांदळाच्या दाण्याएवढी व त्यानंतर वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट घेऊन, मोठ्यांनी स्वतः दिवसातून दोनदा दात स्वच्छ करणे हाच त्यावरील उपाय ठरतो. तंबाखूची मशेरी मुलाच्या हिरडीला कधीही लावू नये. आठवडाभरात रक्त थांबले नाही, तर दंतवैद्याची तपासणी आवश्यक असते.

चालायला शिकणारे मूल पडते तेव्हा बहुधा वरचे पुढचे दात दुखावतात. अशा वेळी दात जागचा हललेला नसला, तरी हिरडीच्या कडेतून रक्त पाझरत असल्यास दाताला धरून ठेवणारे तंतू ताणले गेले किंवा तुटले आहेत असे समजावे. स्वच्छ ओल्या कापडाने दहा मिनिटे सलग दाब द्यावा, बाहेरून थंड पट्टी ठेवावी, काही दिवस मऊ अन्न द्यावे आणि एक-दोन दिवसांत दात दाखवावा. निखळलेला दुधाचा दात पुन्हा बसवू नये, कारण त्याने खालच्या अंकुराला इजा होऊ शकते. याउलट कायमचा दात निखळल्यास मूळ न चोळता तो दुधात ठेवून शक्यतो तासाभरात दवाखाना गाठावा. पुढे दात काळपट झाला किंवा हिरडीवर पुवाची पुळी आली, तर आतील नस मृत झाल्याची शंका घ्यावी लागते.

दाब देऊनही रक्त थांबत नसेल, दात सरकून चावण्यात अडथळा येत असेल, निखळलेला दात सापडत नसून मूल खोकत वा धापा टाकत असेल, चेहरा सुजला असेल किंवा डोक्याला मार लागून मूल गुंगीत जात असेल, तर त्याच क्षणी निघणे आवश्यक असते. ताप, अंगावर लाल ठिपके, नाकातून रक्त किंवा सहज उमटणारे निळे डाग सोबत असल्यास डेंग्यू अथवा रक्ताचा विकार संभवतो, तेव्हा आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. डॉक्टरांच्या सल्ल्याविना अॅस्पिरिन तर मुळीच देऊ नये.

वर्धा जिल्ह्यातील वडनेरसारख्या गावात ही पारख विशेष महत्त्वाची ठरते, कारण तेथून हिंगणघाटचे उपजिल्हा रुग्णालय, सावंगी (मेघे) येथील दंत महाविद्यालय किंवा नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय गाठायचे तर प्रवास, खर्च आणि बुडणारी मजुरी यांचा विचार कुटुंबाला करावा लागतो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांकडून अंगणवाडी व शाळेत होणाऱ्या तपासणीत दातांचाही समावेश असल्याने, पालकांनी रक्ताची तक्रार तेथे आवर्जून सांगावी. पहिल्या वाढदिवसापर्यंत मुलाचे दात एकदा दंतवैद्याला दाखवले आणि वर सांगितलेली लक्षणे घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असली, तर अनावश्यक धावपळही टळते आणि आवश्यक उपचाराला उशीरही होत नाही.