सात रस्ते आणि एक बल्ब

थंडीच्या दिवसांत रात्रीच्या वेळी विजापूर रस्त्याने किंवा मंगळवेढ्याकडून सोलापूरला येऊन बघा. पुढे काहीतरी भलंमोठं, काळं हालतंय एवढंच कळतं. अगदी जवळ गेल्यावर दिसतं, उसाने खचाखच भरलेली ट्रॉली आहे! मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला. मोटारसायकलवाल्याला ब्रेक लावायलाही सवड मिळत नाही. गाळप हंगामात अशा अपघातांच्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो, ड्रायव्हरला नावं ठेवतो आणि पान उलटतो. दिवा का नव्हता, हे मात्र कुणी विचारत नाही.

पुष्कळदा कारण अगदी साधं असतं. 'लाइट लावली की फ्यूज उडतोय' म्हणून ती लावायचीच सोडून दिलेली असते. नाहीतर त्याहून वाईट म्हणजे फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळलेली असते. फ्यूज हा मुळात मुद्दाम कच्चा ठेवलेला दुवा. वीज जादा धावली की तो आधी वितळतो आणि बाकीची वायर वाचते. तिथे जाड तार घातली की वितळायचं काम त्या वायरीकडे येतं. आणि आपल्याकडे ट्रॅक्टर कुठे उभा असतो? गोठ्याशेजारी, कडब्याच्या गंजीला लागून. पुढचं सांगायला नको.

हे सगळं माझ्या डोक्यात शिरलं ते आमच्या बचत गटातल्या एका अक्कांमुळे. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमेकडच्या अंगाला त्यांचं गाव. यजमान वारले, मुलगा बारावीला, शेती सगळी यांच्या अंगावर. दारात सासऱ्यांच्या वेळचा एचएमटी ट्रॅक्टर. एचएमटीने हरियाणातल्या पिंजोरला १९७१ साली चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या सहकार्याने ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. जुनी माणसं आजही त्याला 'झेटर'च म्हणतात. २०१६ मध्ये सरकारने एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचं ठरवलं. म्हणजे गाडी दणकट, पण तिला आता माहेर राहिलेलं नाही!

अक्कांनी बैठकीत कर्ज मागितलं ते म्हशीसाठी नाही, शिलाई मशीनसाठी नाही, तर ट्रॅक्टरचं सगळं वायरिंग बदलायला. मागचा दिवा लावला की फ्यूज जायचा. पण रोज नाही, कधीमधी. गावातल्या मेकॅनिकने 'आतून शॉर्ट झालंय, सगळं नवीन टाका' म्हणून सांगितलं होतं. भावकीतला एकजण 'भंगारात देऊन टाका, गिऱ्हाईक मी आणतो' म्हणून मागे लागलेला. बाईमाणूस एकटी दिसली की सल्ल्यांना तोटा नसतो, हा माझा समाजकार्यातला अनुभव. आणि गंमत म्हणजे सल्ला देणाराच पुष्कळदा गिऱ्हाईक असतो.

वायरिंगचा भाव काढायला म्हणून आम्ही दोघी सोलापुरात सात रस्त्यापाशी एका म्हाताऱ्या वायरिंगवाल्या मामांकडे गेलो. दुकान कसलं, पत्र्याचा आडोसाच. मामांनी भाव सांगायच्या आधी उलट विचारलं, "अक्का, शॉर्ट कुठं हाय ते सापडलं का?"

"ते सापडंना म्हणून तर सगळं बदलायचंय की मामा."

"मग नवीन घातल्यावर तेबी तिथंच घासंल आन् तिथंच जळंल!"

खरंच की! आपण कारण न शोधता वस्तूच बदलतो. मामांनी मग चौकाकडे बोट दाखवलं. म्हणाले, इथे गर्दी तुंबली, तर ती कुठल्या रस्त्याने येते हे कसं शोधाल? एकेक रस्ता बंद करायचा. ज्या रस्त्याला बंद केल्यावर गर्दी थांबली, तोच रस्ता गुन्हेगार. ट्रॅक्टरच्या वायरींचंही तेच. बॅटरीतून निघालेली वीज फुटून सेल्फकडे, पुढच्या दिव्यांकडे, हॉर्नकडे, मागच्या दिव्याकडे जाते आणि काम करून ट्रॅक्टरच्या लोखंडी अंगातून बॅटरीकडे परत येते. वायरीचं कातडं कुठे सोललं आणि आतलं तांबं लोखंडाला टेकलं, की विजेला आडवाट मिळते. दिव्यापर्यंत जायचे कष्टच नकोत! हाच शॉर्ट.

मामांनी अक्कांना इंडिकेटरचा एक बारा व्होल्टचा बल्ब होल्डरमध्ये बसवून दिला. त्याला दोन हात लांब वायरी, टोकांना चिमटे. एवढंच हत्यार. कर्जाचा अर्ज आम्ही तूर्त बाजूला ठेवला.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम गावी गेले. अंगणात ट्रॅक्टर, भोवती निम्मी गल्ली. अक्कांनी आधी हातातल्या पाटल्या आणि अंगठी काढून सासूबाईंकडे दिली. पदर खोचला. मैत्रिणींनो, ही गोष्ट फार महत्त्वाची बरं का! बारा व्होल्टचा झटका सहसा जाणवत नाही, पण बॅटरीचं टोक आणि ट्रॅक्टरचं लोखंड यांच्यामध्ये सोन्याची अंगठी सापडली तर ती क्षणात लालभडक होते, बोट भाजतं. काचेच्या बांगड्यांतून वीज जात नाही, पण सोन्यातून फार झकास जाते. बॅटरीजवळ उदबत्ती, काडी, विडी काहीही नको, कारण तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो. आणि बॅटरी सोडवताना लोखंडी अंगाला जोडलेली वायर आधी काढायची, जोडताना ती शेवटी. म्हणजे पाना चुकून कुठे टेकला तरी ठिणगी पडत नाही. बहुतेक ट्रॅक्टरांत ही उणे बाजू असते. काही फार जुन्या विलायती गाड्यांत अधिक बाजू अंगाला जोडलेली असायची. म्हणून आधी नीट बघायचं, मग हात घालायचा.

पहिली परीक्षा अशी. चावी बंद, सगळे स्विच बंद. अंगाची वायर काढून बॅटरीचं ते टोक आणि ती वायर यांच्यामध्ये बल्ब जोडला. असल्या जुन्या ट्रॅक्टरात घड्याळ नाही, कॉम्प्युटर नाही, म्हणजे सगळं बंद असताना बल्ब पेटायचं कारणच नाही. पेटला तर कुठेतरी गळती आहे, आणि एकेक वायर सोडवत जायचं. इथे पेटला नाही. म्हणजे गडबड मागच्या दिव्याच्या स्विचपलीकडे.

मग बॅटरी पहिल्यासारखी जोडून अक्कांनी उडालेला फ्यूज काढला आणि त्याच्या दोन टोकांमध्ये बल्ब लावला. मागच्या दिव्यातला बल्बही काढून ठेवला. तो तसाच राहिला तर वीज त्याच्यातून सरळ मार्गाने जाते आणि आपली फसगत होते. ट्रॉलीची पिनही उपटली. आता स्विच चालू केला. शॉर्ट असेल तर मधला बल्ब लख्ख पेटायला हवा. शॉर्ट असूनही काही जळत नाही, कारण बल्ब वाट अडवून उभा असतो, थोडीच वीज पुढे सोडतो. त्यामुळे शंभर फ्यूज न उडवता निवांत शोधता येतं. मला तर ही युक्ती फारच आवडली.

पण बल्ब ढिम्म! अक्कांनी वायर बोटांनी चाचपत नेली, पुढून मागे. ॲमीटरच्या पाठीमागे हलवून पाहिलं, सीटखाली उंदरांनी कुरतडलीय का ते पाहिलं. काही नाही. गल्लीतले पुरुष हसायला लागले. एकाने तर 'बायकांचं काम न्हवं ते' असं ऐकवलंच. अक्का मात्र काहीतरी आठवत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, फ्यूज जातो तो संध्याकाळी. बाया खुरपून घरी यायच्या वक्ताला." दिवसा दिवा लावायची गरजच नसते, हे एक. आणि दुसरं? संध्याकाळी मडगार्डवर माणसं बसलेली असतात! (मडगार्डवर माणूस बसवू नये, पडला तर चाकाखाली जातो. पण खेड्यात कोण ऐकतंय.)

त्यांनी मुलाला मडगार्डवर चढायला सांगितलं. तो टेकला मात्र, आणि बल्ब लख्ख पेटला! उठला, की विझला. बसला, की पेटला. गल्ली एकदम गप्प.

मडगार्डच्या पत्र्याला वायर आत जायला एक भोक असतं. भोकाच्या धारेला रबरी कडं असतं, ते कधीच गळून गेलं होतं. भार आला की पत्रा लवायचा आणि त्याची धार वायरीत रुतायची. वायर ओढून पाहिली तर बोटाच्या पेराएवढं कातडं सोललेलं, आतलं तांबं काळंनिळं पडलेलं. नवीन वायरिंग घातलं असतं तर तेही त्याच धारेवर घासलं असतं. मामांचं बोलणं अक्षरशः खरं.

नुसती काळी टेप गुंडाळून भागत नाही. उन्हाने, डिझेलने ती सुटते. अक्कांनी खराब तुकडा कापला, मुलाने नवा जोड डाग देऊन पक्का केला, वर नळी चढवली आणि भोकात नवं रबरी कडं बसवलं. फ्यूज होता तेवढ्याच ताकदीचा घातला. सगळा खर्च एका साध्या साडीच्याही आत.

हे बघताना मला बर्था बेंझ आठवली. १८८८ च्या ऑगस्टमध्ये ही जर्मन बाई नवऱ्याने बनवलेली तीन चाकांची मोटार घेऊन, त्याला न सांगताच, दोन मुलांसह मॅनहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाली. शंभरएक किलोमीटरचा रस्ता. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली आणि एक वायर सोलली होती तिला पायमोज्याचा पट्टा गुंडाळला, असं सांगतात. मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासातली वायरदुरुस्ती एका बाईच्या हातची आहे. हे त्या हसणाऱ्या मंडळींना सांगायला हवं होतं!

तुमच्या दारात ट्रॅक्टर नसेलही. पण घरातला एमसीबी पडतो तेव्हा हीच रीत उपयोगी येते. सगळे प्लग काढा, सगळी बटणं बंद करा, एमसीबी वर करा आणि मग एकेक चालू करत जा. ज्याच्यावर तो पडेल, मिक्सर असो वा गिझर, तिथे बिघाड. मात्र शोध इथेच थांबवायचा. घरातली वीज २३० व्होल्टची, जीव घेणारी. तिथे उघडून बघायचं नाही, वायरमनलाच बोलवायचं. काहीही न लावता एमसीबी पडत असेल तर तो पुन्हा पुन्हा वर करू नका.

अक्कांच्या ट्रॅक्टरचा मागचा दिवा आता मडगार्डवर भार आला तरी जात नाही. ट्रॉलीच्या पिनेवर हिरवा गंज चढला होता, तो त्यांनी पॉलिश पेपरने घासून काढला, तेव्हा ट्रॉलीचेही दोन्ही दिवे लागले. दुसऱ्या ट्रॉलीचं काम बाकी आहे. तिच्या वायरी उंदरांनी चांगल्याच खाल्ल्या आहेत. ऊसतोड सुरू व्हायच्या आत ते उरकायचं म्हणून अक्का पुन्हा सात रस्त्याला मामांकडे जाणार आहेत.