पंखातला बुडबुडा

तीर्थपुरीहून बोलतोय. १७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकमध्ये बनलेलं पहिलं तेजस एमके-१ए उडालं. तेजसच्या सांगाड्याच्या वजनात साधारण ४५ टक्के कंपोझिट आहे, मुख्यतः कार्बन फायबर.

एक धागा सुमारे ७ मायक्रॉनचा, केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा. ताकद धाग्यांची, पण त्यांना धरून ठेवतं ते रेझिन, आणि खरी गोम तिथेच आहे. रेझिनमध्ये भिजवलेले थर एकावर एक रचून ऑटोक्लेव्हमध्ये (भलामोठा प्रेशर कुकरच म्हणा ना!) साधारण १८० अंशांवर शिजवतात. तापताना रेझिन आधी पातळ होतं. आपल्या गुऱ्हाळातली काकवी थंड झाली की घट्ट होते. हे मात्र तापूनच घट्ट होतं, आणि एकदा झालं की परत वितळत नाही. म्हणून दाब द्यायचा तो पातळ असतानाच. उशीर झाला की अडकलेली हवा आणि ओलाव्याची वाफ तिथेच बुडबुडे करून बसते. बुडबुडे एक टक्का वाढले, तरी थरांमधली पकड सुमारे सात टक्क्यांनी घटते.

बाहेरून पंख गुळगुळीतच दिसतो हो. आत बसणाऱ्या पायलटला काय कळणार? म्हणून पोटातलं बाळ बघतात तसं, अल्ट्रासाऊंडने आतले थर तपासतात.