चुंबकाच्या अंगणात फुगडी

गौरी-गणपतीत रत्नागिरीजवळच्या कुठल्याही वाडीत जा. दोघी समोरासमोर येतात, हातांची कैची करतात, मागे झुकतात आणि गरगर फिरू लागतात. एकीचं तोंड उत्तरेला, तर दुसरीचं दक्षिणेला. आता कुणी दरडावलं, "सगळ्यांनी एकाच दिशेला तोंड करा!" तर? फुगडी मोडलीच!

हेच भांडण धातूच्या पोटात चालतं. काही धातू भयंकर थंड केले की त्यांतले इलेक्ट्रॉन जोड्या जमवतात. जोडीतल्या एकाचं चुंबकत्व वर, दुसऱ्याचं खाली. या जोड्या कुठेही न अडखळता वाहतात. तार तापत नाही, वीज रतीभरही वाया जात नाही. हीच अतिवाहकता. आणि लोहचुंबक? तो दरडावणारा!

निकेल तर स्वतःच लोहचुंबक. त्याच्या संयुगात फुगडी रंगेल असं कुणाला वाटेल? पण 1993-94 मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नागराजन, चंदन मजुमदार, एल. सी. गुप्ता आणि सहकाऱ्यांना इट्रियम, निकेल आणि बोरॉनच्या मिश्रणात उणे 261 अंश सेल्सिअसच्या आसपास अतिवाहकता सापडली. गुपित कशात होतं? त्यात असलेल्या चिमूटभर कार्बनमध्ये!

खरी गंमत पुढेच आहे. इट्रियमच्या जागी होल्मियम घाला. त्याचा अणू म्हणजे जबरदस्त चुंबक. स्फटिकाची रचना घावनांच्या चळतीसारखी: होल्मियम-कार्बनचा थर, त्यावर निकेल-बोरॉनचा, पुन्हा होल्मियम-कार्बनचा. उणे 265 अंशांना फुगडी सुरू होते. आणखी थंड करा, उणे 268 च्या सुमारास ती जवळजवळ मोडते! कारण तिथे चुंबकांची दिशा थरागणिक थोडी थोडी वळत जाते.

अजून थंड करा. फुगडी परत येते! आता होल्मियमच्या एका थरातले सारे चुंबक एका दिशेला, पुढच्या थरातले बरोबर उलट. इलेक्ट्रॉनची जोडी एका थरात मावत नाही, ती कितीतरी थर व्यापते. तिच्या वाट्याला दोन्ही हुकूम सारखेच येतात आणि एकमेकांना खोडून टाकतात. केवढी सुंदर तडजोड!

होल्मियमऐवजी एर्बियम घातलं, तर उणे 271 अंशांच्या आसपास सौम्य लोहचुंबकत्व जागं होतं. फुगडी तरीही थांबत नाही.